म्हणे, राग रक्तातच असतो!

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दोन गोष्टींविरुद्ध कोणी तक्रार करीत नाही. एक वैशाखातले ऊन आणि दुसरा घरातल्या कर्त्या पुरुषाचा राग. दोन्ही वरून आलेली, दोन्ही कोणाच्या हाती नसलेली; आणि त्यांचा तडाखा सुरू झाला की बायकापोरांनी मुकाट्याने सावलीला सरकावे, एवढाच उपाय पिढ्यान्पिढ्या सांगण्यात आला आहे. "तसा मानूस लय चांगला हाये जी, फकत रक्त गरम हाये त्याचं," हे वाक्य मी एसटीत ऐकले आहे, पाणवठ्यावर ऐकले आहे, पोलीस पाटलाच्या ओट्यावर ऐकले आहे. आणि जिच्या गालावर पाच बोटे उठली होती त्या बाईच्या तोंडूनही ऐकले आहे. माझे भांडण या एका वाक्याशी आहे. फराळाच्या ताटाबरोबर भांडण वाढू नये हे मलाही कळते. पण सबंध घराने मिळून एखादा अंक वाचावा असे दिवस वर्षात हेच. तेव्हा बोलायचे ते आताच बोललेले बरे.

पूर्वी हे वाक्य नुसते वाक्य होते. आता त्याने विज्ञानाचा कोट अंगात चढवला आहे. गावातली शिकलेली पोरे मोबाईलवर काहीबाही वाचतात आणि मला ऐकवतात, "बाई, हे हार्मोनचं काम असते. जीनमध्येच असते. मानूस शेवटी जनावरच ना!" मी मॅट्रिकच्या पुढे गेलेली नाही. खेड्यातल्या शाळेत पोरांना वाचायला शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. पण वाचनालयाची पायरी झिजवण्याला पदवी लागत नाही. आणि जनावराचीच साक्ष काढायची असेल, तर आमच्या जिल्ह्याइतकी ताजी साक्ष दुसरीकडे क्वचितच मिळेल.

२०१६ ते २०१८ या काळात पांढरकवडा, राळेगाव, कळंब या पट्ट्यात वाघाच्या हल्ल्यांत तेरा माणसे गेली. वनखात्याने त्यांचा आळ टी-१ नावाच्या वाघिणीवर ठेवला. बाहेरच्या लोकांनी तिला अवनी म्हटले. सगळे बळी तिचेच होते की नाही यावर पुढे पुष्कळ वाद झाले, त्यात मी पडत नाही. त्या दोन वर्षांत त्या भागातल्या माणसांनी काय भोगले ते लांबून वादविवाद करणाऱ्यांना कळणार नाही. कापूस वेचायला जायचे तर घोळक्याने जायचे, गुरे चारायला जायचे तर हातात काठी आणि तोंडाने आरडाओरडा. अंधार पडायच्या आत दारे बंद. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. बेशुद्ध करता आले तर करा, नाही तर गोळी घाला, हा हुकूम कायम राहिला. मग हत्ती आले, शिकारी कुत्री आली, आकाशातून पाहणारी यंत्रे आली, वासाने ती यावी म्हणून परदेशी अत्तरसुद्धा शिंपडले गेले. मदतीला आणलेल्या हत्तींपैकी एक साखळदंड तोडून सुटला आणि राळेगाव तालुक्यातल्या एका बाईचा जीव घेऊन बसला, ही त्या कथेतली सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट. शेवटी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात वाघिणीला गोळी लागली. दिवाळी चार-पाच दिवसांवर होती. गावांतून फटाके उडाले, मिठाई वाटली गेली. ज्यांच्या घरातले माणूस गेले होते त्यांना त्या फटाक्यांबद्दल मी बोल लावणार नाही.

मला बोलायचे आहे ते त्या दोन वर्षांतल्या भाषेविषयी. "खुनशी वाघीण", "पिसाळलेली", "सूड घेते", असे जो तो बोलत होता. आता जरा शांतपणे पाहू. वाघ शिकार करतो तेव्हा तो रागावलेला असतो काय?

घरातले मांजर पाहा. उंदरावर दबा धरून बसते तेव्हा त्याच्या अंगावरचा केस हलत नाही, तोंडातून आवाज नाही, डोळे एका जागी. हेच मांजर कुत्र्याने कोपऱ्यात गाठले की पाठीची कमान करते, शेपटी फुलवते, फिस्कारते, नख्या काढते. या दोन्हींना आपण 'हल्ला' हे एकच नाव देतो. शरीरात मात्र त्यांच्या वाटा निराळ्या आहेत. वॉल्टर हेस नावाचा एक स्विस शास्त्रज्ञ होता. मांजराच्या मेंदूच्या तळाशी एक लहानसा भाग आहे, त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. तेथे बारीक तार पोचवून विजेचा हलका झटका दिला की शांत बसलेले मांजर एकदम फिस्कारून उठते, असे त्याने दाखवले, आणि मेंदूच्या या भागावरील कामाबद्दल त्याला १९४९ साली नोबेल मिळाले. पुढे १९६० च्या सुमारास अमेरिकेत येल विद्यापीठात फ्लिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याच भागात आणखी नेमकी जागा शोधली. एका ठिकाणी झटका दिला की मांजर फिस्कारते. थोडे बाजूला दिला की आवाज न करता, केस न फुलवता, थंडपणे उंदराकडे चालत जाते आणि त्याची मान धरते. राग वेगळा आणि शिकार वेगळी, याचा इतका उघड पुरावा दुसरा नसेल. फिस्कारणारे मांजर तुम्हांला खाऊ इच्छीत नाही, तुम्ही दूर व्हावे एवढीच त्याची इच्छा असते. आणि जे खायला येते ते रागावलेले नसते.

म्हणजे आमची वाघीण कितीही भयंकर असली तरी 'रागीट' नव्हती. बांधावर खाली वाकून काम करणारा माणूस वाघाच्या नजरेला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो, असे जाणकार सांगतात. तिच्या पोटात भूक होती आणि जवळ दोन बछडे होते. तिला सूड माहीत नव्हता. सूड आपल्याला माहीत आहे. तिच्या मृत्यूनंतर दोनच दिवसांनी उत्तर प्रदेशात दुधवाच्या जंगलाजवळ संतापलेल्या गावकऱ्यांनी एका वाघिणीला ट्रॅक्टरखाली चिरडले; एका माणसावर हल्ला झाला होता, हे त्याचे कारण. आता सांगा, या दोन मरणांत राग कोणत्या बाजूला होता?

दुसरी साक्षही आमच्याच जिल्ह्यातली. टिपेश्वरच्या अभयारण्यातून २०१९ च्या जूनमध्ये एक तरुण वाघ निघाला. गळ्यात पट्टा होता म्हणून त्याची वाट कळली. तेलंगणाची हद्द, मराठवाड्यातली शेते, नाले, रस्ते, गावांच्या कडा ओलांडत तो डिसेंबरपर्यंत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, आणि पट्टा चालू होता तोवर तीन हजार किलोमीटरांहून अधिक चालला. इतक्या वस्त्यांमधून इतके महिने तो फिरला. माणसाशी खटका उडाला तो एकदा. तो ज्या झुडपात पडून होता त्या झुडपात माणसांचा घोळका शिरला, तेव्हा एकाला किरकोळ जखम झाली. हा राग खरा. कोपऱ्यात गाठल्याचा राग. घोळका बाजूला झाला, वाघ पुढे गेला.

म्हणून "मानूस शेवटी जनावरच" असे म्हणणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न असा, की कोणते जनावर? संध्याकाळी घरी येऊन भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावणारा गृहस्थ भुकेला असेल, पण तो बायकोला खाणार नसतो. त्याला कोणी कोपऱ्यातही गाठलेले नसते. कोपऱ्यात उभी असते ती ती. तेव्हा हे ना वाघाचे वागणे, ना कोंडलेल्या मांजराचे. उरते कोंबड्याचे.

कोंबड्याचे खरोखरच उरते, ही थट्टा नाही. १८४९ साली जर्मनीतल्या ग्योटिंगन गावी बेर्टहोल्ड नावाच्या प्राध्यापकाने सहा कोवळ्या कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषण काढून टाकलेल्या कोंबड्यांचे तुरे वाढले नाहीत, ते आरवले नाहीत, भांडलेही नाहीत. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवला ते तुरा मिरवीत आरवू लागले आणि एकमेकांच्या अंगावर धावू लागले. शरीरातले एखादे द्रव्य रक्तातून फिरून वागणे बदलते, याचा हा पहिल्या पुराव्यांपैकी एक. त्या द्रव्याला पुढे टेस्टोस्टेरॉन नाव मिळाले. आमच्या शेतकऱ्याला हे प्राध्यापकाच्या कितीतरी आधी माहीत होते. गोऱ्हा खच्ची केल्याशिवाय औताला जुंपायचा नाही हे तो बापापासून शिकलेला असतो. "पाहा, म्हणजे रक्तातच आहे की नाही!" असे पोरे म्हणतात. थांबा. त्याच शेतकऱ्याला पुढचे विचारा. खच्ची केलेला बैलही मारका निघतो ना? आणि एकाच दावणीला वाढलेल्या दोन बैलांतला एक लेकराला अंगावर खेळू देतो, दुसरा जवळ येऊ देत नाही, असे का? तो सांगेल, "त्याले लहानपनी कोनं तरी बेज्या मारलं असन." मारक्या बैलाबद्दल 'रक्त गरम आहे' असे तो म्हणत नाही. तुतारी कोणाच्या हातात होती, वैरण पोटभर होती की नाही, हे आधी पाहतो. पोळ्याच्या दिवशी त्या मारक्यालाही झूल घालतो आणि पुरणपोळी भरवतो. बैलाला लावलेला हा न्याय पोराला आणि बापाला लावताना त्याची अक्कल कुठे जाते, हे मला उमगलेले नाही.

माणसाच्या टेस्टोस्टेरॉनची तर याहून गमतीची हकिकत आहे. २०१० साली झुरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी काही स्त्रियांना ते द्रव्य जिभेखाली दिले आणि काहींना नुसतेच पाणचट औषध दिले. कोणाला काय मिळाले ते कोणालाच सांगितले नाही. मग त्यांना पैशांच्या वाटणीचा एक खेळ खेळायला लावला. समोरच्याला वाटा नापसंत पडला तर दोघांचेही पैसे बुडायचे, असा तो खेळ. ज्यांच्या पोटात खरे द्रव्य गेले होते त्यांनी समोरच्याला अधिक न्याय्य वाटा देऊ केला. भांडण नको, काम व्हावे, असा त्यांचा कल दिसला. पण आपल्याला तेच द्रव्य मिळाले आहे अशी ज्यांची समजूत झाली, त्या अधिक आपमतलबी वागल्या. मग खरे काय मिळाले होते याला काही अर्थ उरला नाही. द्रव्याने एक केले, द्रव्याच्या कीर्तीने अगदी उलटे केले.

आता आमच्याकडे पोरगा चालू लागायच्या आधी काय सांगितले जाते ते आठवा. "बापावर गेला, नाकावर राग आहे." पडला आणि रडला तर जमिनीला थापट मारायची, "मार रे तिले!" सातव्या वर्षी बहिणीला ढकलले की आजी कौतुकाने हसते. विसाव्या वर्षी लग्न जुळवताना मध्यस्थ सांगतो, "मुलगा निर्व्यसनी आहे, कमावता आहे, थोडा तापट आहे," आणि हा तापटपणा सोन्याच्या अंगठीसारखा जमेच्या बाजूला धरला जातो. मुलगी तापट असेल तर मात्र ती गोष्ट पत्रिकेतल्या मंगळासारखी लपवायची असते. तिच्या अंगात काय रक्त नसते? वीस वर्षे एखाद्याला 'तुझ्यात ते द्रव्य आहे' म्हणून सांगत राहिल्यावर तो कसा वागेल, हे समजायला झुरिकला जायची गरज नाही. साहित्यिकांनीही यात आपला वाटा उचलला आहे. माझी एक कादंबरी एका प्रकाशकाने परत पाठवली, ती नायक 'थंड' आहे म्हणून. साऱ्या कादंबरीभर तो कोणाच्या थोबाडीत मारीत नाही, हा त्याचा दोष.

आणि सर्वांत मोठा पुरावा तर प्रत्येकाच्या घरात आहे. गरम रक्ताचा हा गृहस्थ सकाळी बँकेत जातो. पीककर्जासाठी साहेब त्याला तीन तास बसवून ठेवतो, मग 'उद्या या' म्हणतो. रक्त उसळते काय? नाही. तो हात जोडतो आणि "बरं साहेब" म्हणून निघतो. कापसाच्या वजनात व्यापारी काटा मारतो, तेथे तो गप्प. तलाठ्यासमोर गप्प. सरपंचासमोर हसतो. संध्याकाळी उंबरठ्याच्या आत पाऊल पडले की मात्र रक्ताला उकळी फुटते. असले कसे हे रक्त, की ज्याला सातबारा वाचता येतो, कोण वरचा आणि कोण खालचा हे कळते?

शास्त्र सांगते की धोक्याची वर्दी देणारी बदामाएवढी गाठ मेंदूत खोल आहे, ती क्षणात पेटते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ साली लिहून ठेवले, की राग आणि भीती दोहोंतही मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात, छाती धडधडते, साखर रक्तात उतरते, स्नायू तयार होतात. हे सर्व खरे. ते बँकेतही होते आणि घरीही होते. पण कपाळामागचा मेंदूचा भाग ब्रेक लावतो, आणि हा ब्रेक बँकेत उत्तम चालतो. म्हणजे तो तुटलेला नाही. जो ब्रेक दिवसभर लागतो आणि फक्त घरी लागत नाही, त्याला बिघाड म्हणत नाहीत. घरी तो लावायची गरज वाटत नाही एवढाच त्याचा अर्थ. "दारू बोलते" हीही तसलीच पळवाट. दारू ब्रेक ढिला करते यात संशय नाही, आणि म्हणूनच आमच्या जिल्ह्यातल्या बायका दारूबंदीसाठी रस्त्यावर उतरल्या. शेजारच्या वर्ध्यात ती १९७४ पासून आहे. पण दारू पिऊन सरपंचाचे थोबाड फोडणारे मी फार पाहिलेले नाहीत.

'रागाच्या भरात' या शब्दांना कायद्यातही जागा आहे, आणि ती किती अरुंद आहे हे आपल्याच राज्यातल्या एका खटल्याने ठरवले. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलाचा अधिकारी नानावटी याने पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळी घातली. सारी मुंबई नानावटीच्या बाजूने होती; ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने त्याला निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने ते मानले नाही, आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही जन्मठेप कायम केली. न्यायालयाने काय पाहिले? दुपारी पत्नीने कबुली दिली. त्यानंतर त्याने पत्नीला आणि मुलांना सिनेमाला पोचवले, जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून पिस्तूल घेतले, आहुजाच्या कचेरीत गेला, तेथे तो नाही म्हणून त्याच्या घरी गेला. सुमारे तीन तास. मुलांची सिनेमाची वेळ ज्याला आठवते त्याचे भान सुटले होते, हे मानायला न्यायमूर्ती तयार नव्हते. पुढे १९६४ साली त्याला माफी मिळाली हा भाग निराळा. मला त्या न्यायमूर्तींचा हिशेब आवडतो. आमच्या गावातही बसस्टँडपासून घरापर्यंत यायला वीस मिनिटे लागतात.

"पण बाई, राग आत दाबला तर माणूस फुटेल! तो मोकळा झालेलाच बरा." हे वाक्य मी शाळेतल्या सहकाऱ्यांकडूनही ऐकते. याचा मोठा वकील कोन्राड लोरेंट्स. १९६३ साली त्याने आक्रमकतेवर एक गाजलेले पुस्तक लिहिले. त्यातला विचार थोडक्यात असा, की आक्रमकता बंबातल्या वाफेसारखी आत साठत जाते आणि तिला वाट काढून द्यावी लागते. बदकांबद्दल त्याला पुष्कळ कळत होते, त्याबद्दल त्याला नोबेलही मिळाले. माणसाच्या बाबतीत हा बंब काही टिकला नाही. २००२ साली अमेरिकेत ब्रॅड बुशमन यांनी सहाशे विद्यार्थ्यांना आधी डिवचले. मग काहींना, ज्याने डिवचले त्याचा विचार करीत भरलेल्या पोत्यावर गुद्दे मारायला लावले, आणि काहींना नुसतेच बसवून ठेवले. गुद्दे मारणाऱ्यांचा राग निवला नाही. तेच सर्वांत रागावलेले राहिले. नुसते बसलेले सर्वांत लवकर निवळले. २०२४ साली त्याच बुशमनच्या सहभागाने दीडशेवर अभ्यासांची छाननी झाली, तिचाही सूर हाच. अंगातली खळबळ वाढवणारे काही केले की राग हटत नाही, धावण्याने तर वाढूही शकतो. श्वास संथ करणे, स्नायू सैल सोडणे, ध्यान, योगासने यांनी तो उतरतो. म्हणजे रागाला मोकळा सोडणे हा रागाचा सराव झाला. तबल्यावर रोज हात फिरवणाऱ्याचा हात बसतो, तसा थोबाडीत मारणाऱ्याचाही बसतो. आणि 'दाबणे' व 'उतरू देणे' यात अंतर आहे. तापलेली कढई झाकून ठेवणे एक आणि चुलीवरून खाली उतरवणे दुसरे. घरातल्या कोणत्याही बाईला हे समजावून सांगावे लागत नाही. दिवाळीच्या आठवड्यात तर नाहीच नाही.

मला शाळेत जे दिसते ते सांगते, त्याला प्रयोग म्हणू नका. वर्गातल्या मारामाऱ्यांच्या वेळा मी एक वर्ष वहीत मांडून ठेवल्या. बहुतेक सगळ्या खिचडीच्या आधीच्या तासातल्या. पहाटे आई शेतावर गेलेली, पोर कोऱ्या चहावर शाळेत आलेले. त्याच्या गालफडात मारून त्याला अहिंसा शिकवायची, असा काही मास्तरांचा बेत असतो. तसे करायला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली आहे. तरी छडी कपाटावरून हटलेली नाही, आणि मारणाऱ्या मास्तरांबद्दलही गावात तेच बोलले जाते, की मनाने चांगले आहेत, फक्त तापट आहेत. हेडमास्तर वर्गावर आले की त्यांचा हात मात्र आपोआप खाली येतो. माझ्या वर्गातले पोर पेटले की मी त्याला कडुनिंबाखाली नेऊन बसवते. शिक्षा नाही, प्रश्न नाही, 'सॉरी म्हण' नाही. दहा मिनिटे मी दुसरीकडे पाहते. मग पाणी देते. मग विचारते. दहा मिनिटांच्या आत विचारले तर फक्त शिव्या मिळतात; नंतर विचारले तर बहुधा रडू, आणि रडण्याच्या मागे काहीतरी घरचे. पोरांच्या कपाळामागचा तो ब्रेक पुरता तयार व्हायला विशी ओलांडावी लागते असे सांगतात. तोवर तो आपण बाहेरून लावायचा असतो. बापाची विशी मात्र केव्हाच ओलांडलेली असते.

तिकडे माहूर आम्हांला जवळ. नवरात्रात यवतमाळकडच्या बायका पायी जातात. अतिरागीट माणसाला आपण 'जमदग्नीचा अवतार' म्हणतो, काहीशा आदरानेच म्हणतो. पण त्या गडावर ज्या देवीपुढे आपण खण-नारळ ठेवतो ती रेणुका. जमदग्नीने रागाच्या भरात जिचे मस्तक उडवायला मुलाला सांगितले ती. गाभाऱ्यात धड नाही, नुसते मुख आहे. त्या मुखासमोर उभे राहून कोणी "तसे ऋषी चांगले होते" असे म्हणत असेल, असे मला वाटत नाही.

मी रागाच्या विरुद्ध नाही. असते तर हा लेख लिहिलाच नसता. २०१७ सालच्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. ना धड मुखवटे, ना हातमोजे, पाठीवर पंप आणि अंगभर विष. तो रागावण्यासारखा प्रसंग होता. राग न्यायचा होता कंपन्यांच्या दारी, दुकानदाराच्या दारी, कृषी खात्याच्या दारी. थंड डोक्याने, अर्जांची चळत हातात घेऊन, पुन्हा पुन्हा. काही माणसांनी तो तसा नेलाही. बाकीच्यांचा कुठे गेला ते त्यांच्या घरच्यांना विचारा. माकडांच्या कळपातही हे दिसते म्हणतात, वरच्याने हाणले की खालचा आपल्याहून खालच्याला हाणतो. येथे मात्र जनावराची उपमा मला लागू वाटते, आणि ती घेऊन मिरवायला नेमके कोणीच पुढे येत नाही.

संपादकांकडे या लेखावर पत्रे येतील, हे मी गृहीत धरते. काही गृहस्थ लिहितील, की बाईंना निसर्ग कळत नाही. काही लिहितील, की पुरुषाच्या मनावरचा ताण बाईंना ठाऊक नाही. काही दोन-तीन इंग्रजी नावे फेकतील. सर्व पत्रे मी वाचीन आणि जमेल त्यांना उत्तरे देईन. माझी एकच अट आहे. पत्राच्या खाली, सहीच्या वर, एवढे जरूर लिहावे: गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत आपण आपल्या साहेबावर, सावकारावर किंवा आमदारावर किती वेळा हात उगारून धावलात? आकडा अंकात लिहावा.